विहिरीत उतरवलेलं इंजिन

माझी मुलगी पुण्याला नोकरीला आहे. नोकरीचं काम संपलं की ती संगणकावर अशा एका ठिकाणी जाते, जिथं कुठकुठले अनोळखी लोक आपापल्या अडचणी लिहितात आणि ज्याला येतं तो उत्तर देतो. कुणी कुणाचं तोंड पाहिलेलं नसतं, कुणी कुणाला पैसे देत नाही. गेल्या उन्हाळ्यात ती सुट्टीला घरी आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. एका माणसासाठी तिनं रविवारचा अख्खा दिवस घातला होता. त्यानं उलट लिहिलं होतं, "तुमचं ऐकलं आणि माझं होतं तेही बिघडलं. येत नाही तर लोकांना शिकवायला येता कशाला?" त्याच्या खाली आणखी दोघातिघांनी त्याचीच री ओढली होती.

"पप्पा, मी आता बंद केलं ते," ती म्हणाली.

मला त्या संगणकातलं काही कळत नाही. पण तिनं जे सांगितलं ते मला नवीन नव्हतं. त्या दिवशी अंगणात बसून मी तिला माझ्या तरुणपणातली एक हकीकत सांगितली. तीच इथं लिहितो.

आमचं गाव ढोकीपासून सायकलनं तासाभराच्या वाटेवर. बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा मी शाळेत होतो. माय रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. तिच्या हाताला कायम चिंध्या बांधलेल्या असायच्या. त्या कामावर खडी दाबायला एक रोलर येत असे. त्याचं इंजिन बंद पडलं की सगळं काम थांबायचं आणि ड्रायव्हर त्याच्या पोटात हात घालून बसायचा. मी माझं जेवण घेऊन तिथं जाऊन उभा राहायचो. इंजिन पुन्हा लागलं की मला काहीतरी मोठं झाल्यासारखं वाटायचं. पुढं आयटीआयला फिटरचा कोर्स केला, तो त्या रोलरमुळंच म्हणायला हरकत नाही. वडील तोवर वारले होते. ढोकीच्या साखर कारखान्यात मला काम मिळालं, आणि आमच्या बौद्धवाड्यात पगार घेऊन येणारा मी पहिला माणूस झालो.

त्या काळात गावात वीज होती ती फक्त चावडीपुरती. शेतात पाणी उपसायला डिझेलची इंजिनं. कारखाना आल्यापासून उसाच्या आशेनं ज्याला त्याला इंजिन हवं झालं होतं. सोसायटीच्या कर्जातून इंजिनं आली, पण ती दुरुस्त करणारं कुणी आलं नाही. लातूरहून नाही तर बार्शीहून मिस्त्री आणायचा म्हणजे दोन दिवस जायचे, तोवर पीक मान टाकायचं. मग कुणाला तरी आठवलं की बौद्धवाड्यातला पोरगा कारखान्यात फिटर आहे.

पहिल्यांदा बोलावलं तेव्हा मी आनंदानं गेलो. कुणी नेमलं नव्हतं, पैशाचा विषय मीच काढू दिला नाही. सुट्टीच्या दिवशी दुसरं काय करायचं होतं? आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. बंद पडलेलं इंजिन हँडल मारल्यावर एकदोनदा ठसकतं, मग धरतं, आणि पाटात पाणी येतं. पाणी आलेलं बघणाऱ्या माणसाचं तोंड बघायला मी कितीही लांब सायकल मारली असती.

हळूहळू आजूबाजूच्या गावांतून लोक येऊ लागले. एकदा अणदूरकडचा एक माणूस एसटीनं, पिशवीत इंजिनाचं डिझेल फवारायचं नोझल गुंडाळून, घर विचारत विचारत आला. मी जेवत होतो, हात धुऊन उठलो. नोझल साफ केलं, तपासलं, त्याला दिलं. तो म्हणाला, "येवढंच हुतं व्हय? मग हे म्याच केलं असतं की." आणि पिशवी उचलून गेला. माय दारात बसून ज्वारी निवडत होती. तिनं मान वर करून त्याच्या पाठीकडं बघितलं आणि पुन्हा सुपात मान घातली.

गावातल्या एकाचं इंजिन मी पावसाळ्याच्या तोंडाला दुरुस्त करून दिलं. दिवाळीनंतर त्याचा पट्टा तुटला तर तो सोसायटीच्या पायरीवर चारचौघांत म्हणाला, "त्येनं हात लावल्यापासनंच बिघडलंय." पट्टा हा रबराचा असतो आणि तो झिजून तुटतो, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण कुणाच्या तरी डोक्यावर ते घालायला हवं होतं. मला वाईट वाटायचं, मग मी विसरायचो. मोठी गोष्ट घडली ती तात्यांच्या विहिरीवर.

तात्या गावातले जुने शेतकरी. मी त्यांना तात्या म्हणायचो, सगळेच म्हणायचे. अंगानं उंच, आवाज खणखणीत, दुसऱ्याचं बोलणं पुरं होऊ द्यायची सवय नाही. त्यांच्या विहिरीचं पाणी गावात सगळ्यांत गोड. त्यांच्या आळीतली पाचसहा घरं त्या विहिरीवर प्यायचं पाणी भरायची. आमच्या बायकांनी मात्र विहिरीपासून हातभर लांब घागर ठेवायची आणि कुणी ओतून देईल तेव्हा घ्यायचं, अशी रीत होती. कायदा काय म्हणतो ते सगळ्यांना माहीत होतं. पण इंजिन बिघडलं की तात्या स्वतः माणूस पाठवायचे आणि पाणी ओढणारी नळी तपासायला मला त्याच विहिरीच्या पायऱ्या उतरून आत जावं लागायचं. तेव्हा कुणाला काही अडचण वाटत नसे. इंजिनाला फिटर लागतो, त्याला इलाज नव्हता.

ऐंशी सालानंतर पुन्हा एक-दोन वर्षं पावसानं दगा दिला. विहिरींचं पाणी असं खाली गेलं की वर ठेवलेल्या इंजिनाला ते ओढेना. पंप पाणी ढकलतो लांबवर, पण ओढतो ठरावीक खोलीपर्यंतच. मग लोकांनी इंजिनंच विहिरीत उतरवायला सुरुवात केली. बांधकाम संपून खडक लागतो तिथं आमच्याकडच्या विहिरींना एक टप्पा असतो. साखळदंड लावून, दहा-बारा माणसं धरून, त्या टप्प्यावर इंजिन नेऊन बसवायचं.

तात्यांचं इंजिन बसवायला मीच गेलो होतो. त्यांनी बिघाभर कडवळ केलं होतं. त्या वर्षी चारा सोन्याच्या मोलाचा होता, आणि त्यांच्या दावणीला दोन म्हशी आणि बैलजोडी होती. इंजिन बसलं, पाणी वर आलं. मग मी त्यांना म्हणालो, "तात्या, एक काम राहिलंय. धुराला पाईप लावून तो पार वरपर्यंत काढायचा. इंजिन विहिरीत चाललं की धूर आतच साठतो. तो धूर वाईट. माणूस झोपतो आणि उठत नाही."

"आरं, धूर वरच जातो की. चुलीचा न्हाय जात?"

"चुलीला छपराला भोक असतं, तात्या. ही विहीर खोल आहे. वारा नसला तर धूर तिथंच बसतो. पाईप येईपर्यंत एवढं करा, हँडल मारलं की लगेच वर यायचं. चालू असताना खाली थांबायचं नाही. आणि बंद करायला उतरायचं झालं तर श्वास रोखून जायचं आणि लगेच निघायचं."

"तू मिस्तरी हाईस का डाक्टर?" तात्या हसले, आणि बाकीचेही हसले.

त्यानंतर मी दोनदा निरोप पाठवला. पाईपसाठी ते उस्मानाबादला जाणार होते, मग लग्नसराई आली, मग राहिलं. रोज इंजिन चालत होतं आणि रोज काही होत नव्हतं. त्यामुळं माझं सांगणं रोज थोडं थोडं खोटं ठरत होतं.

एका दुपारी मी घरी होतो. रात्रपाळी करून आलो होतो, नुकताच उठून तोंड धुत होतो. तात्यांची बायको, आम्ही तिला काकी म्हणायचो, पदर सुटलेला, अनवाणी, आमच्या वाड्यात पळत आली. त्या आधी ती आमच्या वाड्यात कधी आली होती, मला आठवत नाही.

"मिस्तरी, चल लवकर. ह्ये खाली बसलेत आन् वर येईनात. हाका मारल्या तर वरबी बघंनात."

मी सायकल घेतली. तिला मागं बसायला सांगायचं सुचलंही नाही, ती मागून पळत आली. विहिरीवर चारपाच माणसं काठावर ओणवी होऊन हाका मारत होती. इंजिन चालूच होतं. विहिरीत निळसर धूर, त्यातून तात्या दिसत होते. टप्प्यावर इंजिनाला टेकून बसलेले, हनुवटी छातीवर. पंपातून पाणी गळत होतं म्हणून बघायला उतरले, असं नंतर कळलं. एकजण खाली उतरायला लागला होता, त्याला मी ओढून मागं घेतलं. असा एकामागं एक उतरला की एकामागं एक मरतो, हे आम्हाला कारखान्यात शिकवलं होतं.

विहिरीवरच्या जाड दोराचं, म्हणजे नाड्याचं, एक टोक माझ्या कमरेला बांधलं आणि दुसरं काठावरच्या चौघांच्या हातात दिलं. दुसरा नाडा खांद्यावर घेतला. म्हणालो, "मी हात वर केला नाही तरी नाडा सैल पडला की ओढा. विचार करत बसू नका." छातीभर श्वास घेतला आणि उतरलो.

इंजिन बंद करायचा लिव्हर होता तात्यांच्या अंगाखाली. ते त्याच बाजूला कलंडले होते. टप्पा एवढा अरुंद की त्यांना बाजूला सारायला जागा नव्हती, आणि माझ्याजवळ दम नव्हता. पायरीच्या बाजूनं माझा हात फक्त डिझेलच्या नळीपर्यंत पोचत होता. मी ती नळी मुठीत धरली आणि उपटली. डिझेल माझ्या हातावर, खडकावर, खाली पाण्यात सांडायला लागलं. इंजिन दोनतीन वेळा ठसकलं आणि थांबलं. एवढी शांतता झाली की वरून काकीचं रडणं ऐकू यायला लागलं.

दुसरा नाडा मी तात्यांच्या काखेतून घातला. गाठ मारताना माझा श्वास संपला आणि नको तो धूर आत गेला. गाठ बसली एवढं आठवतं. पुढचं मला वरच्या लोकांनी सांगितलं. आधी तात्यांना ओढलं, मग मला. मी अर्ध्या वाटेवर भिंतीला धडकलो आणि तिथंच ओकलो.

शुद्धीवर आलो तेव्हा मी बांधावर पालथा पडलो होतो. डोक्यात कुणी घण घालत होतं. कुणीतरी तांब्या आणला. मी उठून बसलो आणि हात पुढं केले. तांब्या हातात आला नाही. त्यानं वरून धार धरली आणि मी ओंजळीनं प्यालो. मला त्या वेळी राग आला नाही. तहानच एवढी होती. राग नंतर आला, आणि तो बरेच दिवस राहिला.

तात्यांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून उस्मानाबादच्या दवाखान्यात नेलं. आमची म्हातारी माणसं उस्मानाबादला धाराशिवच म्हणायची, त्यामुळं गावात दोन दिवस "तात्याला धाराशिवला नेलंय" एवढंच चाललं होतं. जगतात की नाही, कुणाला सांगता येत नव्हतं. मीही कामावर गेलो नाही, अंधार करून पडून होतो. माय कपाळावर ओलं फडकं ठेवायची. तिसऱ्या दिवशी बातमी आली की ते शुद्धीवर आलेत आणि जेवण मागतायत. मला एवढं बरं वाटलं की मी उठून अंघोळ केली.

ते घरी आले तसा मी भेटायला गेलो. ओसरीवर बाजेवर पडले होते. चेहरा पांढरा पडला होता, आवाज मात्र तोच. मी पायरीशी उभा राहून विचारलं, "कसं वाटतंय, तात्या?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "नळी कशाला उपटलीस रं?"

मला आधी कळलंच नाही.

"लिव्हर दाबायचा सोडून नळी उपटली. समदं डिझेल हिरीत. पाण्याला वास मारतोय. आळीतल्या बायका माझ्या नावानं खडं फोडतायत. इंजान बंद, कडवळ वाळून चाललंय. तू तर शिकल्याला माणूस ना?"

"तात्या, लिव्हर तुमच्या अंगाखाली होता."

"मग मला सरकवायचं हुतं."

तिथं आणखी दोघं बसले होते. त्यांच्यातला एकजण त्या दिवशी माझा नाडा धरून उभा होता. तोही खाली बघत राहिला. मी "काळजी घ्या" म्हणून निघालो. काकी आतल्या दारात उभी होती. मी जाईपर्यंत ती तिथून हलली नाही.

पुढच्या आठवड्यात सोसायटीच्या पायरीवर नवीनच सुरू झालं. इंजिन विहिरीत बसवलं कुणी? मिस्त्रीनं. मग धुराचा जिम्मा कुणाचा? मिस्त्रीचा. पाईप लावल्याशिवाय इंजिन चालू करून दिलंच कसं? तात्या हे सगळ्यांना सांगत होते, आणि ऐकणाऱ्यांना ते पटत होतं. पाईपबद्दल मी जे बोललो होतो ते ऐकून हसलेली माणसंही त्यात होती. विहीर उपसून काढायचं ठरलं. डिझेलचा वास घालवायचा म्हणून सगळं पाणी उपसून शेतात सोडलं, आणि मग वरून आणखी काय काय केलं ते मला कुणी सांगितलं नाही, पण कळलं. तो वास डिझेलचा होता की माझा, हे मी आजही सांगू शकत नाही.

मी सगळं थांबवलं. सुट्टीच्या दिवशी कुणी आलं की मागच्या खोलीत बसून राहायचो आणि माय सांगायची, "घरी न्हाय." तेरखेड्याकडून एकजण दोनदा आला आणि दोनदा परत गेला. दुसऱ्या वेळी तो दारात बराच वेळ बसला होता. आतून मला त्याच्या चपलेचा आवाज ऐकू येत होता. तो गेल्यावर माय म्हणाली, "ह्येनं तुजं काय केलं हुतं?"

"काहीच नाही."

"मग?"

मी चिडलो. म्हणालो, "तू बघितलंस ना काय झालं? जीव घालून माणूस वर काढला तर मीच गुन्हेगार. कशासाठी करायचं?"

माय म्हणाली, "म्या कवा सांगितलं कर म्हणून? तुला आवडतं म्हणून तू करतुस. आवडत नसंल तर सोड. पर घरात लपून बसू नगस. मला खोटं बोलाय लावू नगस."

तिनं मला करही म्हटलं नाही आणि करू नकोही म्हटलं नाही. पण लपायचं नाही, हे मला लागलं. मी लपलो होतो म्हणजे माझी चूक होती असं दिसत होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी काकी पुन्हा आमच्या वाड्यात आली. या वेळी पळत नाही, चालत, चपला घालून, डोक्यावर पदर नीट घेऊन. माझी माय तिला "या" म्हणाली आणि पोतं अंथरलं. काकी बसली. दोघी बायका जरा वेळ दुष्काळाचं, म्हशींचं बोलल्या. मग काकी माझ्याकडं वळली.

"मिस्तरी, पाईप आणलाय त्येनी. भाच्याकडनं बसवून घेतला. पर माझा जीव थाऱ्यावर न्हाय. इंजान बंद कराय त्ये अजूनबी खालीच जात्यात. सांगून ऐकत न्हाईत. वरनंच बंद व्हईल असं कायतरी करता ईल का? म्हंजी मीच करीन. इंजान चालू असताना त्यास्नी जाऊच द्याचं न्हाय खाली."

तिनं माफी मागितली नाही. नवऱ्यानं काय म्हटलं त्याचा उल्लेख केला नाही. धन्यवाद तर आमच्याकडं कुणी म्हणतच नाही. तिनं सरळ एक अडचण सांगितली, आणि माझ्या लक्षात आलं की ती ऐकता ऐकता माझं डोकं कामाला लागलंय. लिव्हरला तार बांधायची, ती भिंतीतल्या कडीतून वर काढायची, वर मूठ. सोडली की परत जागेवर यायला स्प्रिंग, सायकलच्या सीटखालची चालेल. मी अजून "हो" म्हणालो नव्हतो आणि माझ्या डोक्यात ती तार विहिरीच्या काठाला पोचलीही होती.

"करता येईल," मी म्हणालो. "पण तात्या तिथं असतील तर मी येणार नाही."

"असू देत की," काकी म्हणाली. "हीर काय त्येंच्या एकट्याची हाय?"

सुट्टीच्या दिवशी सकाळीच गेलो. तात्या होते, तरी मी परत फिरलो नाही. लिंबाखाली पाठ करून बसले होते आणि बैलाच्या शिंगाला तेल लावत होते. ते माझ्याशी बोलले नाहीत, मी त्यांच्याशी बोललो नाही. पाईप वरपर्यंत आला होता, नीट बसवला होता. मी तार ओढली, कड्या ठोकल्या, मूठ बसवली. मग काकीला बोलावलं. इंजिन चालू करून वर आलो आणि म्हणालो, "ओढा."

तिनं भीत भीत ओढली. काही झालं नाही.

"जोरात, काकी. घागर शेंदता तशी."

तिनं पाय रोवून ओढली आणि इंजिन बंद पडलं. ती दचकली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "पुन्ना चालू कर."

मी पुन्हा उतरलो, पुन्हा चालू केलं. तिनं पुन्हा बंद केलं. असं ती मला करायला लावत राहिली, तिच्या हाताला ते बसेपर्यंत. शेवटी मला घाम फुटला. लिंबाखालून तात्यांचा आवाज आला, "डिझेल काय फुकट येतं का?" काकीनं त्यांच्याकडं बघितलंही नाही. तिनं मूठ सोडली, हात पदराला पुसला आणि म्हणाली, "आता बरं वाटतंय."

त्या दिवशी घरी येताना मला हलकं वाटत होतं. पण राग गेला होता असं नाही. तो राग गेला नाही, एवढंच खरं. तात्यांचं ते "नळी कशाला उपटलीस" मला मध्येच कधीतरी कामावर आठवायचं आणि हातातला पाना घट्ट धरला जायचा. फरक एवढा पडला की राग एकीकडं आणि काम एकीकडं, अशी दोन्ही मी वेगळी ठेवायला शिकलो. तेरखेड्याकडच्या त्या माणसाचं गाव शोधत मी स्वतः गेलो. त्यानं तोवर बार्शीचा मिस्त्री आणून काम करून घेतलं होतं. तरी त्यानं मला बसवून गुळाचा चहा दिला.

काही गोष्टी मी बदलल्या. पूर्वी मी इंजिन दुरुस्त करून द्यायचो, आता मालकाला शेजारी बसवून त्याच्या हातानं करायला लावायचो. मी फक्त सांगायचो. काहींना ते आवडायचं नाही, ते म्हणायचे याला आता मस्ती आली. पण स्वतःच्या हातानं नळी लावलेला माणूस नंतर मला दोष द्यायला येत नसे. धोक्याचं काम असलं तर चारचौघांच्या समोर आधी सांगायचो, आणि त्यांनी ते केलं नाही तर हँडलला हात लावायचो नाही. काम झालं की निघायचो. पायरीवर माझ्याबद्दल काय बोलतात ते ऐकायला थांबायचो नाही. हे शेवटचं शिकायला सगळ्यांत जास्त वर्षं लागली.

तारेची गोष्ट पसरली. एकेका विहिरीवर तशी मूठ दिसायला लागली. ती पसरवली कुणी, तर तात्यांनी. दोनतीन वर्षांनी कळंबच्या बाजूला एका नातेवाइकाकडं गेलो होतो. तिथं एका शेतकऱ्यानं मला त्याच्या विहिरीवर नेलं आणि कौतुकानं मूठ दाखवली. म्हणाला, "ढोकीकडचे एक तात्या आमच्या पाहुण्यात हाईत. त्येंचं डोकं बघा. धुरात मरता मरता वाचले, आन् घरी आल्यावर ही युगत काढली. आमाला सांगून गेले, हे केल्याबिगर इंजान हिरीत उतरवू नका."

मी विचारलं, "आणि पाईप?"

"पाईप तर पाह्यजेच. त्ये तर त्येंनी आधी सांगितलं."

मी त्या माणसाला काही सांगितलं नाही. माझ्या नातेवाइकाला सगळी हकीकत माहीत होती, तो माझ्या तोंडाकडं बघत होता. मी मूठ ओढून बघितली. तार सैल झाली होती. पिशवीत पक्कड होती, ती काढून तिथल्या तिथं ताणून दिली आणि त्याला दाखवलं की दर महिन्याला ताण बघायचा. तो म्हणाला, "ह्ये तात्या बोलले न्हाईत."

तात्या नव्वद सालाच्या आधीच गेले, हृदयाच्या आजारानं. शेवटपर्यंत त्यांनी मला त्या दिवसाबद्दल एक शब्द चांगला म्हटला नाही. मी त्यांच्या मातीला गेलो होतो. मागं, कडेला उभा होतो. काकीनं मला गर्दीत बघितलं आणि हातानं जवळ बोलावलं. म्हणाली, "हिरीवर आता मोटार बसवाय पाह्यजे. वीज आलीया. तुला मोटारीतलं कळतं का?"

"अजून नाही," मी म्हणालो. "शिकावं लागेल."

पुढच्या महिन्यात मी कारखान्यातल्या वायरमनच्या मागं लागलो आणि मोटारी शिकून घेतल्या.